सतरा नंबरची पट्टी

सातव्यांदा विमानाच्या पोटाखाली शिरताना बाईंनी जी शिवी हासडली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. शिवी कोणा माणसाला नव्हती, एका पट्टीला होती. बोटाएवढी लांब, पिवळट, रबरासारखी दिसणारी ती पट्टी; आणि तिने तीन आठवडे एका जाणत्या बाईच्या डोक्याचा पार भुगा करून ठेवला होता.

बाई म्हणजे हँगरमधल्या तपासनीस. विमानाच्या धातूला कुठे तडा गेलाय का हे बघायचं, आणि गेला नसेल तर कागदावर आपला शिक्का मारायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. शिक्का असतो अंगठ्याएवढा. त्यावर नाव नाही, नुसता एक आकडा. पण तो उमटला की विमान उडतं आणि नाही उमटला की जागचं हलत नाही. मग बाहेर दीडशे माणसं बॅगा मांडीवर घेऊन ताटकळेनात का. बावीस वर्षांत बाईंच्या शिक्क्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. थोडा जास्तच होता म्हणा ना.

विमान जॅकवर उचललेलं होतं आणि चाकं जमिनीपासून वीतभर वर लटकत होती. उजव्या चाकाचा पाय पंखाखालच्या जाड तुळईला जिथे जोडलेला असतो, त्या कोपऱ्यात ही सतरा नंबरची पट्टी. तिथवर पोचायचं म्हणजे शिडीवर उभं राहून एक खांदा आत घालायचा, मान वाकडी करायची आणि मग मानेला काय वाटतं याचा विचार सोडून द्यायचा. बाईंनी पट्टी सोलून काढली, जागा पुसली, तांबडा रंग फवारला आणि वीस मिनिटं थांबल्या. तडा असला तर तेवढ्या वेळात रंग त्यात मुरतो. मग वरचा रंग पुसून पांढरी पूड फवारली. आत मुरलेला रंग असता तर पुडीवर तांबडी रेघ होऊन वर आला असता. पांढरं होतं ते पांढरंच राहिलं. धातूत ध्वनिलहरी सोडणारा प्रोब फिरवून पाहिला, तर पडद्यावरही सगळं ठीकठाक.

“काही नाही,” बाई खाली उतरून म्हणाल्या.

“काही नाही म्हणजे?” शिडीपाशी उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याने विचारलं.

“म्हणजे तडा नाही. तुझी पट्टी नीट चिकटलेली नाही.”

“माझी पट्टी नीट चिकटलेली आहे.”

“मग हवा कुठून येते? माझ्या डोक्यातून?”

हो, ते दोघं नवरा-बायको. हँगरमध्ये बाईंना सगळे अहो-जाहो करतात आणि त्यांच्या नवऱ्याला डिंक्या म्हणतात. त्याला त्याचं काही वाटत नाही, कारण त्या हँगरात त्याच्यासारखं चिकटवणारा दुसरा माणूस नाही हे त्यालाही माहीत आहे आणि हाक मारणाऱ्यालाही. दीड वर्षापूर्वी या पट्ट्या आल्या तेव्हा त्या बसवायचं काम आपोआप त्याच्याकडे गेलं.

पट्ट्या आल्या तेव्हा साहेबांनी सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं होतं. पट्टीच्या पोटाला केसाएवढ्या बारीक खाचा असतात. पट्टी धातूवर चिकटवायची, एका खाचेतली हवा ओढून घ्यायची आणि शेजारची खाच उघडी ठेवायची. खालचा धातू अखंड असेल तर एकीतली हवा दुसरीत जायला वाटच नाही. तडा गेला की तेवढ्या फटीतून हवा शिरते आणि मीटरवरचा आकडा चढतो. मीटर विमानाच्या नाकापाशी जोडायचा, दर तिसऱ्या सकाळी, उड्डाणाआधी. यापुढे कोणाला आत शिरायला नको, गुडघे सोलून घ्यायला नकोत, असं साहेब म्हणाले होते. टाळ्याही वाजल्या होत्या.

या विमानाला अशा चाळीस पट्ट्या. एकोणचाळीस गुणी बाळासारख्या गप्प. सतरा नंबरचं मात्र काय बिनसलं होतं कोण जाणे. दर तिसऱ्या सकाळी आकडा चढायचा. मग विमान हँगरात ओढायचं, जॅकवर घ्यायचं, पट्टी सोलायची, बाईंनी आत शिरायचं, तडा नाही म्हणून शिक्का मारायचा. डिंक्याने नवी पट्टी लावायची, मीटर लावून पाहायचा, आकडा शून्य. सगळे खूश. विमान खाली उतरवून रवाना. तिसऱ्या सकाळी पुन्हा आकडा वर आणि पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून. वेळापत्रक बघणारा माणूस तर हल्ली बाईंना बघितलं की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

“तुझा डिंक दोन दिवसांत दम सोडतो,” बाई म्हणायच्या.

“एकोणचाळीस ठिकाणी धरतो आणि एकाच ठिकाणी दम सोडतो?”

“त्या कोपऱ्यात तेल झिरपत असेल. तू नीट पुसत नसशील.”

“मी पुसत नाही? मी?”

हे हँगरात. मग एकाच दुचाकीवरून घरी, आणि घरी पुन्हा हेच, फक्त हातात कांदा आणि सुरी.

घरी तरी सुटका असावी ना, पण घरी खुर्ची होती. हातांची साधी प्लास्टिकची खुर्ची, खिडकीजवळची, सासूबाईंची बसायची. गेले तीन आठवडे सासूबाईंचं एकच पालुपद होतं.

“ही खुर्ची मला चिमटे काढते.”

“आई, खुर्ची चिमटे कशी काढेल?” डिंक्या म्हणायचा.

“ते तुम्ही सांगा. दोघंही एवढे तपासणारे.”

मग आई उठायची, लेक खुर्ची उचलून दिव्याखाली न्यायचा, उलटी करायचा, सगळीकडून हात फिरवायचा. बाईसुद्धा येऊन अंगठा फिरवून बघायच्या. बाईंच्या अंगठ्याला केसाएवढी खरवडसुद्धा कळते, त्यावरच तर त्यांचं पोट. खुर्ची साफ गुळगुळीत.

“काही नाही, आई.”

“काही नाही कसं? हे बघ, मांडीला वळ उठलाय.”

“साडीची घडी रुतली असेल.”

असं पाच-सहा वेळा झालं. आधी सासूबाई भांडायच्या. मग नुसत्या पुटपुटायला लागल्या. त्यानंतर त्यांनी विषयच काढला नाही, आणि घरात एक कटकट कमी झाली म्हणून बाईंना खरं तर बरंच वाटलं.

तर, सातव्या तपासणीनंतर दुपारी साहेबांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडून ठेवले होते.

“नियम असा आहे,” साहेब म्हणाले. “सात वेळा इशारा, सात वेळा काही नाही. म्हणजे पट्टी खोटी किंवा तपासणी खोटी. हा कागद म्हणतो पट्टी बसवण्याचं काम सदोष. त्यावर सही झाली की डिंक्या पट्ट्यांच्या कामावरून बाजूला आणि चाळीसच्या चाळीस दुसऱ्याकडून बसवून घ्यायच्या. हा दुसरा कागद म्हणतो तपासणी संशयास्पद. त्यावर सही झाली की बाईंचा शिक्का जमा. डोळे, हात, पद्धत, सगळ्याची चौकशी.”

“आणि विमान?” बाईंनी विचारलं.

“कुठल्याही कागदाने सतरा नंबर मीटरवरून बंद होतो आणि विमान सुटतं. उद्या सकाळी नऊला त्याची फेरी आहे. त्याआधी मला एक सही हवी. कुठली ते तुम्ही नवरा-बायको आपसात ठरवा.”

“साहेब, आम्हाला काय घराचे पडदे निवडायला सांगताय?”

“बाई, मी तीन आठवडे वरच्या लोकांच्या शिव्या खातोय. तुम्ही मला एक सही द्या.”

घरी स्वयंपाकघरात पाऊल टाकताच बाईंचा बांध फुटला.

“माझा शिक्का गेला तर मी काय करू, सांग मला. बावीस वर्षं. एक खोट नाही. या डोळ्यांनी मी रंगाखालचा तडा पकडलाय. त्या रबराच्या चिंधीसाठी ते आता माझे डोळे तपासणार?”

डिंक्या पेल्यात पाणी ओतत राहिला.

“तू बोल ना काहीतरी! पट्टी चुकली असेल असं एकदा, फक्त एकदा तुझ्या तोंडून निघत नाही.”

डिंक्याने हातातला पेला ओट्यावर ठेवला. “मी जरा बाहेर जाऊन येतो,” म्हणाला, आणि दुचाकीची किल्ली घेऊन गेला. बाईंना आणखी राग आला. भांडण अर्धं टाकून उठून जाणं ही त्याची जुनी खोड, आणि उरलेलं अर्धं भांडण मग बाईंना एकटीलाच भांडावं लागायचं.

त्या तणतणत बाहेरच्या खोलीत आल्या. सासूबाई पलंगाच्या कडेला पाठ ताठ करून अवघडून बसल्या होत्या. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

“तिथे का बसलात, आई? पाठ दुखते ना टेकायला नसलं की?”

“असू दे गं.”

“खुर्चीत बसा ना.”

“नको.” सासूबाईंनी जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हटलं, “चिमटा काढते असं मला वाटत राहतं. भासच असेल माझा. वय झालं.”

बाईंचा जीव इतका वैतागला होता की हे त्यांच्या धड कानावरही गेलं नाही. त्यांनी स्वतःच दणकन खुर्चीत बसकण मारली, आणि पुढच्या क्षणी “आई गं!” म्हणून ताडकन उठल्या. उजव्या मांडीखाली कोणीतरी चिमटीत मांस धरून पिळल्यासारखं झालं होतं.

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. काही नाही. वाकून बघितलं, उलटी केली, अंगठा फिरवला. काही नाही. पुन्हा बसल्या. पुन्हा चिमटा. आता बाईंच्या आतला तपासनीस जागा झाला. त्यांनी टॉर्च आणला, फरशीवर उताण्या झाल्या आणि डोकं खुर्चीखाली सरकवलं.

“आई, या इकडे. बसा.”

“अगं, चिमटा काढेल ना!”

“काढू दे. एकदाच.”

सासूबाई देवाचं नाव घेत हळूच टेकल्या. बाईंच्या नाकापासून वीतभर अंतरावर, खुर्चीच्या बुडाला, जिथे अंगठा पाच-सहा वेळा फिरून गेला होता तिथे, एक बोटभर लांबीची फट उघडली. तिच्यातून साडीचा हिरवा रंग दिसला.

“उठा.”

फट मिटली. इतकी बेमालूम मिटली की जागा ओळखू येईना.

“बसा.”

फट उघडली.

“आई गं! अगं, चाललंय काय तुझं?”

बाई तशाच फरशीवर पडून राहिल्या, टॉर्च छातीवर. खुर्चीवर वजन नसताना त्यांनी खुर्ची तपासली होती. आणि विमान? दर वेळी जॅकवर. चाकं लटकत, पायावर शून्य भार. मीटर लावायचा तो सकाळी, विमान इंधनाने भरून स्वतःच्या चाकांवर उभं असताना, सगळं वजन त्या कोपऱ्यावर. नवी पट्टी लावून शून्य बघायचं तेही जॅकवर. सात वेळा. रंग मुरायला फटच उघडी नव्हती, आणि मिटलेल्या फटीवरून लहरीही बिनदिक्कत पार गेल्या असणार.

तपासणीच्या कार्डावर पहिलीच ओळ आहे, ‘आधी विमान जॅकवर घ्या’. जॅकवर घेतलं की चाकाचा पाय लांबतो, आत खांदा घालायला जागा होते, तपासणाऱ्याची पाठ वाचते. अकरा वर्षांपूर्वी भांडून भांडून ती ओळ कार्डात घालायला लावली होती ती बाईंनीच.

“म्हणजे भास नव्हता?” वरून सासूबाईंचा आवाज आला.

“नव्हता, आई.”

“खरंच नव्हता?”

“खरंच. फट आहे. मी डोळ्यांनी बघितली.”

सासूबाईंनी हळूच मांडी चोळली. “आधी मला पक्कं माहीत होतं बघ,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही दोघं एवढं नाही नाही म्हणालात, की मला माहीत होतं ते पण गेलं.”

तासाभराने डिंक्या परत आला. मुकाट जेवला, मुकाट ताट उचललं. बाईंनी त्याला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे ‘तू बरोबर होतास’ म्हणायचं, आणि ते तांबडी रेघ बघितल्याशिवाय त्या म्हणणार नव्हत्या. शिवाय भांडण अजून चालू होतं.

“उद्या लवकर निघायचंय,” एवढंच म्हणाल्या.

“हूं,” तो म्हणाला.

सकाळी साडेसहाला बाई साहेबांच्या दारात उभ्या होत्या आणि डिंक्या त्यांच्या मागे, कशाला ते त्याला ठाऊक नव्हतं.

“मला विमान चाकांवर असताना तपासायचंय. आत्ता,” बाई म्हणाल्या.

“कशाला? तो विषय मिटला. काल संध्याकाळीच सही झाली.” साहेबांनी कागद पुढे सरकवला.

पट्टी बसवण्याचं काम सदोष. चूक माझी. आणि खाली डिंक्याची ती बायकी, वळणदार सही, जिला बाई लग्नाआधीपासून हसत आल्या होत्या.

बाईंनी वळून त्याच्याकडे असं काही बघितलं की साहेबांनीही खुर्ची मागे सरकवली.

“हे करायला गेला होतास?”

“मिटलं ना आता. तुझा शिक्का—”

“माझ्या शिक्क्याचं मी बघेन! तुला कोणी सांगितलं होतं?” बाईंनी आवाज आवरला आणि साहेबांकडे वळल्या. “साहेब, मला अर्धा तास द्या.”

“कार्डात जॅक लिहिलंय, बाई. कार्ड सोडून तपासणी करता येत नाही.”

“ती ओळ माझीच आहे. चुकली.” त्यांनी गळ्यातली दोरी काढली आणि शिक्का टेबलावर ठेवला. “हा तुमच्याकडे. तडा सापडला नाही तर परत देऊ नका.”

साहेबांनी शिक्क्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि फोन उचलला. पलीकडून वेळापत्रकवाल्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

विमान बाहेर उभं होतं, इंधन भरलेलं, चाकं जमिनीवर घट्ट दबलेली. आत जागा खरंच नव्हती. बाईंनी खांदा घातला तेव्हा कोपर खरचटलं, आणि त्यांना अकरा वर्षांपूर्वीची आपण आठवली, याच जागेसाठी टेबलावर मूठ आपटणारी. डिंक्या खालून टॉर्च धरून होता. बाईंनी त्याची पट्टी सोलायला घेतली. ती सुटेना. नखाने, मग प्लास्टिकच्या पातीने, एकेक कोपरा करत सोलावी लागली. गेल्या सातही वेळा ती अशीच चिवटपणे सुटली होती, आणि बाईंनी त्याकडे एकदाही लक्ष दिलं नव्हतं.

तांबडा रंग. वीस मिनिटं. पांढरी पूड.

पुडीवर आधी एक ठिपका आला. मग त्याच्याशेजारी दुसरा. मग दोन्ही जुळले आणि करंगळीच्या नखाएवढी बारीक, स्वच्छ तांबडी रेघ तयार झाली.

सात वेळा आपण नाही म्हणालो, आणि त्यावर माणसं बसून गेली. मुलंबाळं घेऊन गेली. चाकं प्रत्येक वेळी धाडकन जमिनीवर टेकली आणि ही रेघ असूनही धातूने प्रत्येक वेळी धरून ठेवलं, ही कोणाची पुण्याई म्हणायची? त्यांच्या शिक्क्याची तर नक्कीच नाही.

“आहे,” त्या म्हणाल्या.

डिंक्या शिडीच्या दोन पायऱ्या चढून आला आणि त्याने बघितलं. त्याला आनंद झाला असता तर बाईंना चाललं असतं. ‘बघ, मी सांगत होतो’ म्हणाला असता तरी चाललं असतं, तो त्याचा हक्कच होता. तो नुसता बघत राहिला.

“पट्टी बरोबर सांगत होती,” तो म्हणाला. त्याला ते खरंच वाटेना.

“तुला ठाऊक होतं ना? पट्टी ठीक आहे हे तुला ठाऊक होतं, आणि तू खोटी सही करून आलास. माझ्यासाठी. एवढं विमान वर गेलं असतं, तू माझा शिक्का वाचवलास म्हणून!” बाईंचा आवाज फाटला. “असला मोठेपणा मला नको होता रे. कोणी मागितला होता?”

“खोटी नव्हती,” डिंक्या म्हणाला.

“काय?”

“सही. खोटी नव्हती.” तो टॉर्चचं बटण उगाचच चालू-बंद करत होता. “पहिल्या चार वेळा मला खात्री होती. पाचव्या वेळी लावताना वाटलं, पुसायचं राहिलं का? सहाव्या वेळी तीनदा पुसलं. काल तू खाली उतरून ‘काही नाही’ म्हणालीस, आणि मला वाटलं, मग माझंच चुकतंय. माझ्या हातालाच आता कळत नाही. तू तर चुकत नाहीस.”

रागावायला तयार होऊन आलेल्या माणसाला रागावायची जागाच उरू नये तसं बाईंचं झालं. तो त्यांच्यासाठी खोटं बोलला असता तर त्यांनी त्याला आयुष्यभर सुनावलं असतं आणि मनातल्या मनात सुखावल्याही असत्या. पण हा माणूस हँगरातला सगळ्यात चांगला हात घेऊन काल संध्याकाळी साहेबांकडे गेला आणि प्रामाणिकपणे लिहून आला की हात वाईट आहे. आणि हे त्याच्या डोक्यात भरवलं कोणी, तर स्वयंपाकघरात कांदा चिरताचिरता, तीन आठवडे, रोज, त्यांनीच.

शिडीवर, एक खांदा विमानात, बाई रडल्या. थोड्याशाच, कारण मान वाकडी करून फार रडता येत नाही.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. विमान थांबलं. वेळापत्रकवाल्याने डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली, मग उचलून झटकली आणि दुसरं विमान शोधायला गेला. बाईंनी सातही जुनी कार्डं मागवली आणि प्रत्येकावर आपल्या अक्षरात लिहिलं: तपासणी भार नसताना केली, निष्कर्ष चुकीचा. ‘चूक कशावरून लक्षात आली’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, सासूबाईंची खुर्ची.

“हे असं लिहिता येणार नाही, बाई,” साहेब म्हणाले.

“मग काय लिहू? खरं तेच आहे.”

साहेबांनी डिंक्याचा कागद फाडला. बाईंचा शिक्का मात्र त्यांनी एका पाकिटात घातला आणि पाकीट बंद केलं. तडा सापडला होता, पण सात खोट्या नोंदीही सापडल्या होत्या, आणि त्यांची चौकशी व्हायचीच होती. बाईंनी वाद घातला नाही. त्यांना हत्यारांच्या खोलीत बसवलं. तिथे खिडकीतून पाने द्यायचे, परत घ्यायचे आणि ज्याचा हात तेलकट असेल त्याला ओरडायचं. ओरडण्याचं काम त्या फार मन लावून करत.

घरी नवी खुर्ची आली. ती नवी होती, धडधाकट होती, तरी सासूबाई बसण्याआधी दर वेळी तळहाताने चाचपून बघत.

तीन आठवड्यांनी तो कोपऱ्यातला भाग बदलला. नव्या धातूवर नवी सतरा नंबरची पट्टी बसवायची होती. दुपारी डिंक्या हत्यारांच्या खिडकीशी आला.

“जरा येतेस का?”

“काय हवंय? पाना?”

“नाही. पट्टी लावलीय. नीट बसलीय का, एकदा बघून जा.”

बावीस वर्षांत त्याने असं कधी विचारलं नव्हतं. बाई उठून गेल्या. या वेळी विमान चाकांवर होतं. कार्डातली ओळ बदलली होती. त्या शिडीवर चढल्या, अंगठा पुढे केला, आणि मध्येच थांबल्या. केसाएवढी खरवड ओळखणारा तोच अंगठा. त्यांनी तो मुठीत मिटून घेतला.

“माझ्याकडे शिक्का नाही,” त्या म्हणाल्या.

“शिक्क्यासाठी नाही विचारत. मला विचारायचंय.”

“पुसून घेतलंस?”

“हो.”

“मग मी नाही बघणार. तू लावलीयस ना? मग चिकटलीय.”

त्या खाली उतरल्या आणि मीटरसुद्धा न बघता आपल्या खिडकीकडे निघाल्या. दारापाशी जाऊन त्यांनी मागे वळून बघितलं. डिंक्या अजून शिडीवरच होता, एक खांदा आत घालून, आणि चिकटलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवत होता. पुन्हा एकदा, आणि मग आणखी एकदा.